व्हॅली व्ह्यू

लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर
आष्ट्याचं रिवाइंडिंगचं दुकान तीन दिवस बंद ठेवून
आम्ही पाचगणीला आलो.
शटरवर ह्यांनी खडूनं लिहिलं, 'सोमवारी येतो'.
कुठं चाललो, ते लिहिलं नाही. लाजले असावेत.

एका रात्रीचे सहा हजार आठशे.
काउंटरमागच्या रेटकार्डावर
जुना आकडा चारदा खोडलेला, दर वेळी वेगळ्या पेनानं.
एवढी एकच गोष्ट इथं
वेळच्या वेळी दुरुस्त होत असावी.

खोलीत शिरताना गालिच्याचा वास आधी आला,
ओलं पोतं वाळवायचं कुणी विसरल्यासारखा.
टीव्ही पाठीला पोक आलेला.
रिमोट हवा तर दोनशे डिपॉझिट.
भिंतीवर कुठल्याशा बर्फाच्या डोंगराचं चित्र
आणि खिडकी उघडली तर
पाण्याची टाकी, जनरेटर, दोरीवर सतरा चादरी.
"व्हॅली चादरींच्या पलीकडं आहे," पोरगा म्हणाला.
खोटं नाही बोलला.

आम्ही दिवस बुडायच्या आत जेवणारी माणसं.
किचन साडेआठला उघडणार होतं.
पलंगावर पेपर अंथरून
दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली.
खाली पोहायच्या तलावात सिल्व्हर ओकची पानं,
कोरडी, गुडघाभर,
आणि काठावर पाटी: खोल पाणी, सावधान.

मी निघायच्या आधीच बजावलं होतं,
कशाला हात लावायचा नाही.
नळ गळू दे, पंखा कुईकुई करू दे,
पैसे मोजलेत, आपण पाहुणे.
पान्यांची पिशवी घरी ठेवायला लावली.
ओमनीच्या सीटखाली दुसरी होती,
ते मला ठाऊक नव्हतं.

रात्री दीडला बाहेर मोटार सुरू झाली.
अंधारात कळलं, हे जागे आहेत.
"बेअरिंग गेलंय," छताला म्हणाले.
मी म्हटलं, "झोपा."
थोड्या वेळानं, अगदी हळू,
आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं,
"सकाळ काढत नाही ती."

नाहीच काढली.
सगळ्या गॅलऱ्यांत माणसं, तोंडाला पेस्टचा फेस.
एक बाई बाळाला दोन्ही हातांनी लांब धरून उभी,
धुवायला पाणी नाही.
मॅनेजर किणीकर फोनवर: वाईहून माणूस निघालाय.
काल गिझरसाठीही तोच निघाला होता.

हे कठड्याला टेकून, हात खिशात.
टाकीकडं बघत नव्हते, मुद्दाम.
माझ्याकडंही नाही.
दुकानातलं शिकाऊ पोरगं चुकीची वायर गुंडाळतं
तेव्हा असेच मान वळवून उभे राहतात.

"जावा," मी म्हटलं.

वाईचा माणूस आलाच नाही,
बेअरिंग तेवढं आलं, कुणा जीपवाल्याच्या हाती.
बाराच्या सुमारास नळातून आधी हवा आली,
मग गंजाचं लाल पाणी,
मग पाणी.
चादरी बाजूला सारत हे बाहेर आले, कोपरापर्यंत काळे.
टेबललँड बघून तोंडावर जे यायला हवं होतं
ते आत्ता आलेलं.
बाळाची आई म्हणाली, "काका, आमचा गिझर..."
मग खोली बारा. मग सोळा.
आमचे पॉइंट राहिले ते राहिलेच.

निघताना बिल आलं, पूर्ण.
खाली पेनानं वाढवलेली एक ओळ:
टॉवेलला ग्रीस, दीडशे रुपये.
हे खिसा चाचपायला लागले. मी म्हटलं, थांबा.
दीडशे माझ्या पर्समधून मोजले
आणि वर जाऊन टॉवेल घेऊन आले.

आता तो दुकानात खिळ्याला असतो,
कडेला निळ्या दोऱ्यातलं रिसॉर्टचं नाव, अर्धं उसवलेलं.
गिऱ्हाईक विचारतं, "मगदूम, पाचगणीला गेलावता काय?"
"गेलतो की," हे हात पुसत म्हणतात,
"हवा गार आहे.
मोटार तेवढी जुनी."