व्हॉल्वमन

नाकातली नळी गालावर चिकटवलेली,
खूण बावन्नवर. बघून घेतलं.
आधी तीस मिली पाणी, मग गोळी,
एकेक वेगळी खलायची, वेगळी द्यायची,
मधे पुन्हा पाणी.
सिस्टर फिलोमिनानं पहिल्याच आठवड्यात बजावलेलं,
"खिचडी करू नको गो."

गुळगुळीत लेप असलेली एक गोळी बाजूला ठेवली.
ती कुटायची नसते.
डॉक्टरना उठवून पातळ औषध मागून घेतलं.

तरीही अडलंच.
सिरिंजमध्ये पांढरा गाळ, खाली सरकेना.
माझा अंगठा दट्ट्यावर जोर करू लागला
तेव्हा बाबुसो हळर्णकरांनी डावा हात उचलला.
उजवा गेलेला, वाचा गेलेली, गिळणंही.
बोटांनी हवेतच दाखवलं:
थोडं पुढे. थोडं मागे.

एकतीस वर्षं चांदेलच्या पाण्यावर होते ते.
पहाटे सायकलवरून कोरगाव, पालये, केरी,
चावी फिरवत, पाइपाशी न भांडता.

मी थांबले. कोमट पाणी घेतलं.
पुढे, मागे.
पुढे.
गाळ हलला.
दट्ट्या काढून सिरिंज उंच धरली,
पाणी आपल्याच वजनानं उतरत गेलं.

ते मान कलती करून ऐकत होते,
बांबोळीच्या या खाटेवरून
कुठल्याशा चढणीवरच्या शेवटच्या घरी
घागर वाजली का.

मग बोट वर केलं: अजून थोडं.
तीस मोजून झाले होते.
मी आणखी दहा सोडले
आणि ते दहाही चार्टवर मांडले.