घटीचं कारण

सुतळी आली वीस किलोचं बंडल.
विकली हातावर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत,
तात्या कोठावदेंच्या कोपरापासून.
संगणकात मी मीटर लिहिले.
महिनाअखेरीस पडद्यावर आलं:
सुतळी, उणे तीनशे अकरा.
म्हणजे दुकानात मुळीच नाही,
आणि त्याहूनही तीनशे अकराने नाही.
तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, म्हणाले,
'एवढी उधारी तर अख्ख्या चोपड्याने केली नाही माझ्याकडे.'

जळगावचा सॉफ्टवेअरवाला फोनवर:
'ताई, बेस युनिट काय धरलंय?
एकच काहीतरी धरा, बाकी सगळं त्याच्या पटीत.'

धरा म्हणे.
पत्रावळी शेकड्याने, बिबड्या डझनाने, केरसुणी नगाने.
गूळ अख्खा घेतला तर भेलीचा भाव,
फोडला की किलोचा,
आणि फोडताना उडालेला खडा
सोबत आलेल्या पोराचा.
माझा भाऊ केळीच्या कापणीला जातो.
तो घड मोजतो, व्यापारी क्विंटल,
आमच्या दारासमोरची हातगाडी डझन,
आणि आई मोजते
भाजीला किती पुरतील ते.

तेलाचं तर विचारूच नका.
डबा पंधरा किलोचा, पिशवी लिटरची,
आणि लिटर भरतो नऊशे दहा ग्रॅम.
त्यात तापीकाठाहून झेलाबाई कोळीण येते,
बाटलीच्या तोंडाला फडक्याचं बूच:
'धा रुप्यानं तेल दे वं माय.'

मशीनला रुपये शेवटी लागतात.
हिचे सुरुवातीलाच.

उलटा हिशोब मी बिडीच्या पाकिटावर शिकले.
एकशे साठचा भाव, दहा रुपये,
साडेबासष्ट ग्रॅम.
काटा तिथं आला की थेंब तोडायचा.
बिल निघालं, खाली माझं नाव: कॅशियर हर्षाली सैंदाणे.
झेलाबाईने बिल घेतलंच नाही.
बाटली उजेडात धरली,
काचेवर बोटाने रेघ दाखवली
तेलाच्या बरीच वर.
'तात्याना हातनं इतलं ये.'

तात्या गल्ल्यामागे बसून होते.
हात थरथरतो म्हणून माप सोडलंय त्यांनी.
पूर्वी बाजरी मोजताना
पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत,
लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन,
आणि प्रत्येक मापावर शीग,
काठाच्या वर आपल्या पायावर जेवढी उभी राहील तेवढी.
मी एकदा विचारलं होतं, ती भावात धरायचे का?
'भाव भावाच्या जागी,' म्हणाले
आणि वही उघडली.

याच तात्यांचं अडीसरीचं माप
बुडाला आतून ठोकलेलं होतं, असंही गावात बोलतात.
ते माप अजून माळ्यावर आहे. मी बघितलंय.
पोचा आहे.
पडून आला की पाडून,
पितळ काही सांगत नाही.

तेलाला शीग नसते, हे मलाही कळतं.
तरी बाटली परत घेतली,
नरसाळं लावलं,
रेघेपर्यंत नेलं.
बिल होतं तेच राहिलं.
तिच्यामागे रांगेत आणखी बाटल्या होत्या,
आणि त्या सगळ्यांनी पाहिलं.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर
मशीन विचारतं:
गोडं तेल, घट तीनशे वीस ग्रॅम. कारण निवडा.
गळती. उंदीर. मुदत संपली. चोरी. इतर.

एकेकावर बाण नेऊन पाहिला.
चोरीवर जरा जास्त वेळ.
तात्या बाहेर कुलूप हातात घेऊन उभे.
मग इतर दाबलं.
इतरच्या पुढे एक चौकट उघडते,
वीस अक्षरं मावतील एवढी.

मला दोन लागली.