वर न येणारी

जेजेच्या ओपीडीत डॉक्टर
बावतीस तुस्कानोंच्या छातीची फिल्म उजेडावर लावतात,
आणि त्यांच्याआधी पप्पाच बोट ठेवतात:
"इथं पोरोसिटी. हा सांधा पास होणार नाही."

एकतीस वर्षं माझगावच्या गोदीत
पाणबुड्यांना टाके घातले त्यांनी.
टाक्यांचे एक्स-रे निघायचे रात्री,
भोंगा वाजवून, शेड रिकामी करून.
केसाएवढी भेग दिसली तरी
सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.
घरी मात्र कपाचा तुटलेला कान
वाकडाच चिकटवायचे.

एकदा पाण्यात गेली
की तिच्याबद्दल बोलायचं नाही.
आई एवढंच विचारायची,
"गेली का माझी सवत?"

आता रात्री तीनला उठून बसतात.
पाठीशी उश्या, खिडकी सताड,
भाऊच्या धक्क्यावरचा डिझेलचा वास थेट पलंगापर्यंत.
"आमची डिझेलची," धाप लागलेली असतानाच सांगतात,
"तिला हवेसाठी नळी वर काढावीच लागते.
तिथंच सापडते.
अणूवाली वेगळी. ती काय आमच्या हातून झाली नाही.
महिनोन् महिने खाली.
वर येते ती फक्त
कांदे-बटाटे संपले म्हणून."

हसतात. हसू खोकल्यात जातं.
मी पाठ चोळते,
मणक्यापासून बरगडीकडे
बोटं चाचपत जातात सांध्यासांध्यावरून,
कोणी घातले कुणास ठाऊक,
कोणी पास केले.

खाली कुणीतरी बर्फाची लादी फोडतंय.

"कांदे आहेत ना गं घरात?"
पप्पा विचारतात.