हक्कसोड

शरणपूर रोड. खाली चष्म्याचं दुकान,
वर आमची लॅब. साडेनऊला गांगुर्डे आले,
डबी शर्टाच्या आत पोटाशी धरून,
गार होऊ देऊ नका, असं मीच सांगितलेलं.
सातपूरच्या फौंड्रीत भट्टीसमोर अकरा वर्षं,
पण घाम फुटला होता तो इथे, जिन्यात.

थेंब काचेवर घेतला. चौकोन मोजायला लागले.
अंगठ्याखाली मोजणीचं यंत्र, एक शुक्राणू, एक खट्.
एरवी अंगठा दुखतो. आज
खट्.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक, जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरणारा.
त्याला कुठल्या रकान्यात धरायचं ते ठरलेलं आहे,
तरी मी क्षणभर थांबले.

"किती, मॅडम?"
आकडा डॉक्टर सांगतील, म्हणाले.
पण हे आजचं पीक नाही, एवढं मी सांगू शकते.
शरीरानं हे अडीच महिन्यांपूर्वी लावायला घेतलं,
तेव्हा मे होता, आणि तुमची डबल शिफ्ट.
ते घर देहाबाहेर टांगलंय ते उगाच नाही,
त्याला धग सोसत नाही.
भट्टीवरून बदली मागा. अडीच महिन्यांनी या.
त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशोब धरला:
"म्हणजे छाटणीपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत."
सासऱ्यांची मोहाडीला दोन एकर थॉमसन आहे.
बाकावर प्रमिला. नऊ वर्षं सगळ्यांनी
तिचेच रिपोर्ट काढले. तिची फाईल जाड.
ह्यांची आज सकाळी उघडली.

दुपारी दादाचा फोन. "गुरुवारी दिंडोरीला ये.
आधार आण, दोन फोटो. पाच मिनिटांचं काम."

मी तेव्हा एका बाईचं बीजांड पाहत होते.
बाईचं वय छत्तीस. बीजांडाचं त्याहून थोडं जास्त,
कारण ही वाटणी बाई जन्मायच्या आधीच सुरू झालेली.
आईकडची गुणसूत्रं, बापाकडची गुणसूत्रं
जोडीजोडीनं शेजारी बसली,
तुकड्याला तुकडा दिला, बांध सरकवले,
कुणी कोर्टात गेलं नाही,
आणि मग प्रकरण तसंच पडून. छत्तीस वर्षं.
अशी लाखो. बहुतेक निकालाआधीच सुकतात,
विरळणीच्या कात्रीनं वेलीखाली पडलेल्या मण्यांसारखी.
ह्याचा निकाल परवा रात्रीच्या इंजेक्शननंतर लागला.

पुरुषाच्या अंगात वाटणी सरळ:
एकाचे चार, चौघांना सारखं,
आणि चौघेही घराबाहेर, शेपटी आणि नाव घेऊन.
इथे तसं नाही.
इथे एकीला सगळं, कोठार, पाणी, चूल,
आणि दुसरी ती बघा, कडेला चिकटलेली,
पडद्यावरसुद्धा मोहरीएवढी.
गुणसूत्रं मोजाल तर तेवीस. तिकडेही तेवीस.
पुस्तकात तिला ध्रुवपिंड म्हणतात.
ती दिसली की आम्ही लिहितो, बीजांड पक्व.
चांगली खूण आहे ती.
चांगली मुलगी.
थोड्या दिवसांत विरते, कुणाला त्रास न देता.

"सगळं एका हाती राहिलं तर टिकेल गं," दादा म्हणाला.
तो खोटं बोलत नव्हता. मी रोज तेच बघते:
चार वाटे केले असते
तर गर्भाला पहिला आठवडासुद्धा पुरला नसता.

गुरुवारी पंखा हलत होता, कागद उडू नये म्हणून
दादानं त्यावर स्वतःचा मोबाईल ठेवला.
स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.
खाली माझं नाव, माहेरचं,
एकही वेलांटी न चुकता.
पेन खटक्याचं. टोक आत, टोक बाहेर,
अंगठ्याला सवयच ती.
खट्.
"ताई, इथे, आणि मागच्या पानावर," कारकून म्हणाला.
खट्.
मी अजून मोजत होते.