सातव्या फेरीतली पोरं

मोठ्या संघाचे सामने मी फारसे बघत नाही.
ते बघायला अख्खा प्रांत बसलेला आहे.
मी बघते त्यांच्या खालची फळी,
आणि तिच्याही खालची:
एकोणीस वर्षांची, सतरा वर्षांची,
दाढीऐवजी हनुवटीवर टाके असलेली पोरं,
जी संघाच्या नावावर आहेत
पण संघात नाहीत.

हायवेवरच्या मोटेलात माझी रात्रपाळी असते.
खोल्या बावीस, हीटर चालणाऱ्या एकोणीस.
दोन वाजता शेवटचा ट्रकवाला झोपला
की काउंटरखालची वही काढते.
नाव, उंची, वजन, कुठे खेळतो, कुठल्या हाताचा.
वजनाचा रकाना पेन्सिलीने,
कारण दर सप्टेंबरला प्रत्येकजण
तीन किलोंनी वाढून येतो
आणि त्यातला एक किलो खरा असतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
ज्यांना दिसतात ते पहिल्या फेरीत निवड करतात,
सूट घालून, कॅमेऱ्यासमोर.
माझी भिस्त सातव्या फेरीवर,
जेव्हा सभागृहातल्या खुर्च्या आवरायला घेतलेल्या असतात
आणि कुणीतरी घसा खाकरून
एक नाव चुकीचं उच्चारतं.

कोडी वापास असाच आला. दोनशे अकरावा.
डावखुरा बचावपटू, उत्तरेकडचा,
जिथलं तळं नोव्हेंबर ते एप्रिल रिंकच असतं.
चार वर्षं त्याचं पान भरत होते.
ज्युनियरमध्ये अडुसष्ट सामने, गोल तीन,
त्यातला एक तर त्याच्या पाठीला लागून आत गेलेला.
मग दक्षिणेत, रिंकच्या बाहेर ताडाची झाडं,
मग त्याच्याही खालच्या संघात,
मग गुडघा.
एका जूनमध्ये एक ओळ आली:
संघाने हक्क सोडले.
माझ्या हक्काचं कुणी विचारलं नाही,
म्हणून मी सोडला नाही.
आता तो स्लोव्हाकियात, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये;
त्याचे निकाल माझ्या दुपारच्या झोपेत लागतात.
उठते, चहा टाकते, बघते:
शून्य गोल, एक असिस्ट, चार मिनिटं पेनल्टी.
चार मिनिटं.
म्हणजे अजून भांडतोय. बरं वाटतं.

नवरा म्हणायचा, ओलेना, घोड्यांवर तरी लाव,
निकाल त्याच दिवशी कळतो.
बोहदान गेला त्या हिवाळ्यात
माझा एक गोलकीपर सलग सहा सामने जिंकला.
दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत.
ठरवून केल्या नव्हत्या.

परवा, उणे चौतीस. ज्युनियर संघाची बस
रात्री तीनला आमच्या दारात बंद पडली.
पोरं लॉबीतल्या गालिच्यावर आडवी झाली, बुटांसकट.
एकजण काउंटरपाशी लंगडत आला,
बर्फ मिळेल का, म्हणाला.
काचेबाहेर क्षितिजापर्यंत बर्फच होता;
दोघांनी तिकडे पाहिलं, हसलं कुणीच नाही.
मी पावाच्या पिशवीत तुकडे भरून दिले.
एमेरिक थिबोदो. उजवा विंगर. सहावी फेरी.
अकरा सामन्यांत गोल नाही,
नाताळानंतर चौथ्या फळीत ढकललेला,
आई शाळेची बस चालवते.
सगळं मला पाठ.
गुडघ्यावर पिशवी दाबत त्याने विचारलं,
‘तुम्ही हॉकी बघता का?’
‘कधीमधी,’ मी म्हटलं.

सहाला दुसरी बस आली.
पिशवीतलं पाणी बाहेर ओतून, तिची घडी घालून
त्याने ती काउंटरवर ठेवली.
मी वही उघडली. गोलांचा रकाना तसाच.
वजनापुढे थोडी जागा होती,
तिथे लिहिलं, शाईने:
पिशवी परत करतो.