लाखोळीच्या दाण्याएवढं

तुमसर रोडला, तिरोडीची लाईन सुटते तिथे
रुळात दोन बोटांची फट आहे.
ठेवावीच लागते,
नाहीतर दुसऱ्या वाटेचं चाक जाणार कुठून?

फटीपलीकडे क्रॉसिंगचं नाक:
टोक चेचलेलं, कडेला पापुद्रे.
मी नागपूरहून नवा नकाशा आणलेला.
फागू टेंभरे, चावीवाला, उकिडवा बसला,
नकाशा उलटा धरून पाहिला, परत दिला.
"नाकाले पयला मार नोको देवू, बाई.
चाक पंखावर चालू दे लांबवर,
मंग टेकू दे."

तेवढ्यात डोंगरीची मालगाडी,
मँगनीजने काळी.
आम्ही खडीवरून खाली उतरलो.
एकोणसाठ डबे, दोनशे छत्तीस ठोके,
फागूचे डोळे मिटलेले.
"बाराव्या डब्याचं चाक चपटं हाय."
मी तर आकडेच मोजत होते.

त्याला सांगितलं, ही काळी माती
वितळून पोलादात जाते,
त्याचंच नाक ओततात.
भट्टीतून मवाळ निघतं,
चाकांचा मार खाऊन टणक होतं.
"होते तं खरं," तो म्हणाला,
"पर तडकते बी."

विश्रामगृहात रात्री वीज गेली.
कंदिलाजवळ नाकाचं टोक खाली घेतलं,
पानावर सांडलेल्या
लाखोळीच्या एका दाण्याएवढं,
आणि पुढे चढ दिला, हळू.

पौषात नवं नाक बसलं.
पहिली गाडी गेल्यावर फागूने रुळाला हात लावला,
बराच वेळ काढलाच नाही.
"आवाज हायेच," म्हणाला,
"पर आता शिवी नाही देत."