पाठीचा ठसा

सकाळी इको सुरू केली तर बोंबललीच.
नाल्यापलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या,
शाळेची पोरं कानावर हात ठेवून उभी.
वाकून पाहिलं, सायलेंसर नाही.
पोरं त्या दिवशी पायी गेली.

दारव्ह्याहून फिटर आला गाडीवर.
"त्याच्यात माती असते ना बे, प्लॅटिनमची.
सोन्याच्या भावानं जाते."
सहा वर्षं चिखलातून, पऱ्हाटीच्या धुऱ्याधुऱ्यानं
मी काय वाहत होतो बुडाखाली
मला कुठं ठाऊक.
कांताच्या गळ्यात तर नुसती काळी पोत.

इस्माईल वेल्डर म्हणाला, नवा येईल तेव्हा येईल,
आधी पिंजरा करू.
घरकुलाच्या उरलेल्या सळाखी काढ. माप घे.

माप घ्यायला खाली शिरलो
तर धुळीत पाठीचा ठसा. त्याचा.
डावा खांदा खोल, टाचांनी उकरलेली माती,
बाजूला लोखंडाचा कीस, अजून चमकणारा.
दुसरी जागा नव्हती,
त्यातच आडवा झालो.
बरोब्बर बसलो.
ऑइलचा एक थेंब गालावर पडला.
त्याच्याही पडला असेल.

आता पिंजरा आहे, दोन कुलुपं आहेत,
सळाखीवर इस्माईलनं माझा नंबर कोरलाय.
रोज जेवण झालं की हात घालून हलवतो,
दाव्याची गाठ पाहावी तसा.
एखाद्या रात्री तिथंच जरा पडून राहतो,
थंडगार असतं.
कांता दारातून ओरडते, "कोन हाये?"
तिला फक्त पाय दिसतात.